मॅडम न सांगताच गेल्या

जायचंय तर जावा की, कोण अडवलंय, पण सांगून तरी जावं का न्हाई माणसानं? तुम्हाला सांगतो, दीड वर्ष, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, मी चाकूरच्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात पाईपांच्या मागं स्टुलावर मोबाईल टेकवून बसायचो, आन् तिकडं पुण्याहून डॉक्टर मॅडम इचारायच्या, "सिद्धलिंगजी, कसा गेला हा महिना?" एक्केचाळीस वर्षांत आमच्या घरात एवढ्या मायेनं कुणी इचारलं न्हाई हो मला...

इकडं सगळे म्हणायचे, ह्याचं ध्यान जाग्यावर न्हाई. वडील वारले, कार्याला शिरूर अनंतपाळहून स्वामींना आणायला मला धाडलं, तर दुरुस्तीला टाकलेली पाण्याची मोटार तिथं तयार दिसली, आन् मी मोटार घेऊनच घरी आलो. स्वामी स्टँडवर, पाव्हणे उपाशी, आन् थोरला भाऊ नागप्पा आजपातुर बोलत न्हाई माझ्याशी. म्हणतो, "बापाची किंमत न्हाई ह्याला." हे मी फक्त मॅडमला सांगितलं, रडलो बी. त्या म्हणाल्या, "तुम्ही बेपर्वा नाही आहात. एडीएचडी आहे हा, लक्ष टिकत नाही. यावर औषध असतं." गोळ्या चालू झाल्या, दुकानाचं शटर रोज ध्यानानं लागायलं, आन् माझा त्या बाईवर असा भरोसा बसला म्हणता...

आन् परवा मंगळवारी मोबाईल लावतो तर आत भलताच डॉक्टर, चष्मा, टाय. "मॅडम आता इथं नाहीत. तुम्ही लहानपणापासून सांगा." लहानपणापासून? म्हणलं, "साहेब, फाईलीत आसंल की सगळं." त्यानं बघितलं. "गोळीचं नाव आहे. आणि 'झोप बरी' असं लिहिलंय." झोप बरी. दीड वर्षाचं एवढंच? माझा बाप, माझा भाऊ, माझं रडणं, कुठं गेलं मंग ते? सांगून तरी जावं का न्हाई?

तसाच तिरमिरीत घरी गेलो. शिवगंगा, आमची मंडळी, भाकरी थापायली. म्हणलं, "दगा दिला मॅडमनी. एका शब्दानं बोलल्या न्हाईत."

तिचा हात थांबला. "बोलल्या की. मागच्या महिन्यात मी डबा घेऊन आलते, तवा दहा मिनटं तेच सांगायल्या होत्या. म्हणल्या, 'मी लातूरला दवाखाना काढतेय, तुम्हाला जवळच पडेल.' नंबर बी दिला. तुम्ही हाव हाव म्हणून मान डोलवायलता."

"आन् करायलतो काय मी?"

"गिऱ्हाइकाला स्क्रू मोजून द्यायलता."

मी खालीच बसलो. राग तर लई आलता, पण आता काढावा कुणावर... म्हणलं, "बरं, नंबर लिहिला का मी?"

"लिहिला की कागदावर. आन् त्यातच स्क्रू बांधून दिले."

गिऱ्हाईक कोण होतं ते तिला ठावं न्हाई. आन् मला इचारून काय उपेग?