आईझाडाच्या पानावरचे डाग

माजं माहेर आटपाडीच्या अंगाला, सासर बी शेजारच्याच गावात, शाळा चौथीपतूर. लगीन झालं तवापास्नं डाळिंबाच्या रोपवाटिकेत गुटी बांधती, काय सांगू तुमाला, आता बोटं सरळ हुईत न्हाईत.

गुटी म्हंजे काय, तर पेन्सिलीएवढी फांदी धरायची, बोटभर साल गोल काढायची, वल्लं शेवाळ लावायचं आन वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. म्हयना-दीड म्हयन्यात आत पांढऱ्या मुळ्या दिसत्यात, मग फांदी कापून पिशवीत लावायची, झालं रोप. त्येला ना फूल लागतं ना बी. बी लावलं तर उगवतं, न्हाई आसं न्हाई, पर त्यात दोन फुलांचा मेळ आसतो, माशी कुटला पराग कुटं टाकती कुणाला ठावं, फळ गोड निघंल का आंबट सांगता येत न्हाई. माज्या दोन पोरींचंच बघा, एक माज्यावानी काळी, एक आज्जीवानी गोरी. गुटीचं तसं न्हाई. जी आई तेच लेकरू, आईचा गोडवा येतो तसा रोग बी येतो.

त्येच नडलं. सात-आठ वर्सं झाली, रोपवाटिकेच्या मालकानं एका बागंत आमा बायकांना गुट्या बांधाय नेलं. पानावर बारीक तेलकट डाग दिसलं. तेल्या म्हंत्यात त्याला, फळं तडकून जात्यात. म्या म्हनलं, मालक, ह्ये डाग बरं दिसत न्हाईत. त्ये म्हनलं, उन्हाचं हाईत, तू गप बांध. म्या बांधल्या.

त्याच रोपांची गाडी भरून माजा धाकटा भाऊ घिऊन गेला. मला म्हनला, आक्का, तुज्या हातची हाईत, बघायचं काय त्यात. मी समोर हुबी व्हते. तोंड उघडलं न्हाई.

तिसऱ्या वर्साला पैल्यांदा बाग फळाला धरली आन फळं काळी पडून फुटली, समदी, एक झाड सुटलं न्हाई. त्यानं झाडं उपटून बांधावर टाकली. माजंच नशीब म्हनायचा. मग भाऊबीजंला वाढता वाढता सांगून टाकलं, डाग म्या बघितलं व्हतं रं. त्यो ताटावरनं उठला न्हाई, सावकाश जेवला, हात धुतला आन म्हनला, तवा का सांगितलं न्हाईस? दोन दिवाळ्या त्यो आला न्हाई.

मागल्या साली आला, रोपवाटिकेतच आला. म्हनला, आक्का, परत बाग लावतोय, तूच बांधून दे. म्या त्याला दुसऱ्या बागंत घिऊन गेले, म्हनलं, माजी नजर अधू झालीया, तू बी बघ. आमी दोघांनी झाडन्‌झाड बघितलं, पान उलटून बघितलं, दिवस गेला त्यात. मग बांधल्या.

रोपं लागल्यात आता, गुडघ्याएवढी हाईत. मालकाला सांगितलंय, डाग दिसला तर मी बांधायची न्हाई, काढायचं तर काढा कामावरनं. अजून काढलं न्हाई. भाऊ मोप बोलतो आता, पर मदीच गप हुतो. त्याची बाग चांगली हू दे, त्याची पोरं सुखात ऱ्हाऊ देत. माजं काय, हात चालत्यात तवर बांधायचं.