एकट्याचा फोटो

—उजवीकडून घे रे, उजवीकडून. डावा गाल माझा जन्मापासून रुसलेला आहे, अकरा वर्षं सगळे कॅमेरावाले त्याला सांभाळून घेतायत. तू नवीन ना? मग माहीत नसेल— या मालिकेत मी थोरला भाऊ. सगळ्यांचं ऐकून घेणारा. बाहेर भाजीवाली मला सल्ला देते, धाकट्याला एकदाचं माफ करून टाका म्हणून, आणि मी म्हणतो, करतो हो, लेखकाला विचारून. घरी? घरी कोण विचारतंय. बायको म्हणते, तिकडे सगळ्यांचं ऐकता आणि इकडे रिमोटवरून भांडता. खोटं नाही म्हणा.

तर एकट्याचा फोटो. अकरा वर्षांत पहिल्यांदा, बरं का. पोस्टरवर मी कायम मागच्या रांगेत, अर्धा चेहरा सुनेच्या डोक्याआड— कान तेवढा माझा. म्हणून सोमवारी सरळ निर्मात्याच्या खोलीत शिरलो आणि म्हटलं, माझं नाव वर येणार नसेल तर मी निघालो. कुणाला सांगू नकोस, नुसती हूल होती. निघून जाणार कुठे मी? या वयात कोण घेतंय? पण मात्रा लागू पडली बघ— साहेब म्हणाले, 'तुमचं काहीतरी करतोच,' आणि आज तू हजर. मघाशीच बायकोला कळवलं, पोस्टर येतंय. अकरा वर्षांत ती इतकी कधी हसली नव्हती रे.

काय? सरळ लेन्सकडे बघू? बरं. पोस्टरसाठी जरा तिरकं बघायला लावतात, पण तुझी पद्धत असेल. हसू थोडंच? मागे साधा पडदा? अगदी असाच आमच्या आईचा काढला होता— मालिकेतल्या रे. बाई खूश, नवी लिपस्टिक लावून बसलेली. चौथ्या दिवशी तिला जिन्यावरून पाडली आणि फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर. आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहून ढसाढसा रडलो, आणि ती बिचारी आपल्या घरी चहा पीत ते बघत होती म्हणे—

थांब जरा. तुला काय सांगितलंय? पोस्टर की फ्रेम?

मला विचारू नका म्हणजे काय, तुलाच विचारणार ना. दुसरं कोण आहे इथे?

अरे, मान कशाला खाली घालतोस. तुझा काय दोष. मीच गेलो होतो ना सांगायला, निघालो म्हणून. शब्दाला जागले बिचारे.

उचल कॅमेरा. नाही, थोडंच नाही, चांगला हसणार आहे मी— माझ्यासमोर उभं राहून रडायचंय ना त्यांना, मग जरा जड जाऊ दे. काढ. अजून एक काढ, डोळा मिटला. झालं?

मग जा आता. दार ओढून घे. बायकोला फोन करायचाय, शेजारी सांगायला निघाली नसेल अजून तर बरं.