पयले कुठं शोधाचं

आमच्या सुनेला मी कसा घाम फोडला, ऐका. शहापुरात घरी बसूनच ती कंपनीचं काम करते. त्या दिवशी दोन कॉम्प्युटर मांडले होते, एक विंडोजचा, एक लिनक्सचा.

"मामाजी, प्रोग्रामले लागणारं सामान, म्हंजे फायली, कुठंकुठं शोधाचं, त्याची यादी दोन्हीवर तपासून राहिली. पाचपर्यंत रिपोर्ट नाही गेला तं काम दुसऱ्याले देतील."

सामान पेनड्राइव्हमध्ये होतं. विंडोजवर जमलं. मग तो लिनक्सवाल्याला लावून ती पाणी प्यायला उठली, तेवढ्यात मी तो पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि तसलाच माझा, गावच्या दंडारीच्या खेळातल्या गाण्यांचा, लिनक्सवाल्याला लावून दिला.

कॉम्प्युटर म्हणे, सामान सापडत नाही. यादीतल्या पत्त्यांमधल्या तिरप्या रेघा विंडोजवर एकीकडे कलतात, लिनक्सवर दुसरीकडे; दीड तास ती त्याच उलट्यासुलट्या करत बसली. साडेचारला रडकुंडीला आली.

तांदूळ निवडता निवडता आमच्या बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, "काय हरपलं वं?"

"सामान, आत्याबाई. यादीतल्या साती जागा पाहून झाल्या."

बुढी उठली आणि सरळ माझ्या खिशात हात घातला. "हे घे. या घरात काही हरपलं का मी पयले इथंच पायतो."

रिपोर्ट वेळेत गेला. आता मी लपवायचं ते बुढीच्याच बटव्यात ठेवतो. ती जागा अजून कोणाच्याच यादीत नाही.