होडीवरच्या घराची गोष्ट

झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे दोन शिक्षिका उभ्या होत्या. धाकटीच्या हातात एका गोष्टीची पानं होती.

"ताई, वर्गात ती नावाड्यांची मुलगी आलीय ना, तिच्यासाठी मुद्दाम ही निवडली. होडीवर राहणाऱ्या कुटुंबाची. प्रशिक्षणात सांगितलं होतं ना, मुलांना पुस्तकात आपलं घर दिसलं पाहिजे."

"मग बिघडलं कुठे?"

"वाचून झाल्यावर मी कौतुकानं विचारलं, तुमच्याकडे असंच असतं ना गं? सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला."

"आणि ती?"

"म्हणाली, माहीत नाही बाई. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. होडीत बसलं की मला उलटी होते."

"अगं बाई! पण होडी चालवतात ना तिच्या घरी?"

"आजोबा चालवायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात."

"मग लिफ्टची गोष्ट शोध."

"थट्टा नको हो. माझं डोकंच चालेनासं झालंय. दुसऱ्या तुकडीला ही द्यायची की नाही?"

"गोष्ट चांगली आहे का?"

"फार छान आहे. तेच तर!"

"मग दे की. फक्त कुणाकडे बघून विचारू नकोस."

"बाई, किती प्रती काढू?" दुकानदार म्हणाला.

"थांबा हो जरा. ताई, एवढ्यावर भागलं नाही. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, बाई, तुमच्या घरची गोष्ट कधी वाचायची?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, वाचू की उद्या. मग पाठ्यपुस्तक चाळत बसले. कुठला धडा घेऊ, ताई? सगळेच आमच्या घरचे आहेत."