खंडू काय म्हणतो?

मावशी, संगीता, इम्तियाजभाई, गोदामातले सगळे, आणि जिन्यावर उभे आहेत ते कारखान्यातले भाऊ. वर या, सरकून बसू, जागा होईल. आज मंगळवार आहे आणि तरी खाली कारखान्यातले कापडाचे लूम बंद आहेत. इम्तियाजभाईंनी सकाळपासून बंद ठेवलेत. या खोलीत शांतता म्हटली की आमच्यासाठी शुक्रवार, कारखान्याच्या सुट्टीचा दिवस. आणि शुक्रवार म्हटला की मंगेश. त्यामुळे बोलताना कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगते. मी वैशाली. मानकोलीच्या गोदामात डिस्पॅचला आहे. मंगेश तिथेच फोर्कलिफ्ट चालवायचा. मागच्या सोमवारी ड्युटीवर यायला निघाला, छातीत दुखायला लागलं, आणि तासाभरात गेला. पस्तिशीचा माणूस. हे वाक्य मी आठवडाभर बोलतेय, अजून तोंडाला सवय झालेली नाही.

आमचे साहेब आत्ता बोलले. मनापासून बोलले. म्हणाले, मंगेश भोळा होता, देवमाणूस होता, अशी माणसं देवाला लवकर आवडतात. साहेब, राग मानू नका, पण मला हे मान्य नाही. देवाला आवडला असेल तर देवाने रांगेत थांबायचं होतं. आम्हाला आधी आवडला होता. आणि भोळा? मंगेश भोळा नव्हता. तो चांगला होता, आणि चांगलं असणं हे त्याने दर आठवड्याला, आमच्यासारख्यांच्या मध्ये बसून, जाणूनबुजून केलेलं काम होतं. ते काम मी बघितलंय. ते काम देवाच्या नावावर टाकलेलं मी चालू देणार नाही.

आता ते कसं, ते सांगायला मला आमचा खेळ सांगावा लागेल. हसायचं असेल त्यांनी हसा, मंगेशला चाललं असतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही या टेबलाभोवती बसतो. फासे असतात आणि एक गोष्ट असते. गोष्ट इम्तियाजभाई चालवतात, म्हणून ते मास्टर. बाकी प्रत्येकाचं एक पात्र. समोर काय आलं ते मास्टर सांगतात, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. सगळी पात्रं मिळून जी टोळी होते, तिला म्हणतात पार्टी.

या पार्टी शब्दाने काय घोटाळे केलेत. कारखान्यात पार्टी म्हणजे माल घेणारा व्यापारी. इम्तियाजभाई फोनवर बोलले की, शुक्रवारी माझी पार्टी येणार आहे, तर खाली मुनीम गादीवरची चादर बदलायचा. आणि तिकडे अंबाडीच्या पुढे, मंगेशच्या पाड्यावर, पार्टी म्हणजे एकच. कोंबडी आणि बाटली. मावशींना वाटायचं, आपला पोरगा दर शुक्रवारी भिवंडीला दारू प्यायला जातो. हो ना मावशी? मान हलवताहेत बघा.

आमची पार्टी होती मात्र वाईटच. आमच्यातल्या रोहितचं पात्र पैसे घेऊन माणसं मारणारं. अन्वरचा जादूगार विष कालवणारा. माझी निशा, चोर. आठवडाभर गोदामात, कारखान्यात, सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर माणसाला एका संध्याकाळी थोडं वाईट व्हायचं असतं. त्यात गैर काय? मजा यायची. आणि त्यात मंगेश आला आणि म्हणाला, माझा पॅलाडिन. म्हणजे शपथ घेतलेला योद्धा. खोटं बोलायचं नाही, निःशस्त्र माणसावर हात टाकायचा नाही. आमची नावं रक्तराज, कालनाग असली. याने नाव ठेवलं खंडू.

आमचं डोकंच फिरलं. रोहित मास्टरना म्हणाला होता, याला साधू व्हायचं असेल तर देवळात बसवा, आमच्या मजेत पाणी कशाला ओतता? आणि त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. असा चांगला माणूस टेबलावर आला की काय होतं, ते आम्हाला माहीत होतं. तो नाकाने कांदे सोलतो. प्रत्येक गोष्टीत प्रवचन. शेवटी कुणालाच खेळता येत नाही.

खंडूने एकदाही प्रवचन दिलं नाही. तो एकच शब्द बोलायचा. आम्ही काही भयंकर ठरवलं, कुणाला लुटायचं, कुणाचा गळा कापायचा, की मास्टर टेबलावरून सगळ्यांना विचारत शेवटी त्याच्याकडे यायचे. खंडू काय म्हणतो? आणि मंगेश आपल्या पाड्याच्या बोलीत म्हणायचा, न्हाय.

एवढंच. न्हाय. आणि मग गप्प बसायचा. चिडायचा नाही, कारण द्यायचा नाही, उठून जायचा नाही. फासे मुठीत धरून आमच्याकडे बघत बसायचा. ती शांतता फार वाईट होती हो. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही उलट दिल्या असत्या. गप्प बसलेल्या माणसाशी भांडणार कसं?

कधी आमचं मन बदलायचं, कधी नाही. नाही बदललं तर तो आपला मार्ग सांगायचा. एकदा आम्ही शत्रूचा जखमी हेर पकडला. रोहित म्हणाला, याला घेऊन डोंगर चढणं जमायचं नाही, इथेच संपवू. खंडू म्हणाला, न्हाय, मी पाठीवर घेतो. मास्टर म्हणाले, मग तुझं चिलखत इथेच टाकावं लागेल. त्याने टाकलं. पुढचे कितीतरी आठवडे खंडू नुसत्या सदऱ्यावर लढला, आणि प्रत्येक घाव त्याला दुप्पट लागायचा. आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. आपल्या चांगुलपणाचं बिल त्याने कधी आमच्या नावावर फाडलं नाही. याला भोळेपणा म्हणतात का, साहेब?

आणि माझी गंमत. निशा चोर, तर मी खेळात खंडूच्या पिशवीतल्या भाकऱ्या चोरायचे. उगाच, त्याला छळायला. त्याला कळायचं. पुढच्या शुक्रवारी तो आपल्या कागदावर सामान लिहिताना दोन भाकऱ्या जास्त लिहायचा, आणि वर मोठ्याने वाचून दाखवायचा, मला ऐकू येईल असं. आता तुम्हीच सांगा, जो आपल्यासाठी भाकरी ठेवतो त्याची चोरी करायची तरी कशी? माझ्या चोराचा धंदा बसवला त्याने.

एकदा मावशी इथे आल्या होत्या. पोराला दारू पिताना रंगेहाथ पकडायला. सुनेला, संगीताला घेऊन, शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावर उतरून, विचारत विचारत. जिन्यात पाऊल टाकलं आणि काय ऐकू आलं? रोहित ओरडत होता, पाटलाला मारू आणि गाव जाळू. मावशी जिन्यातच बसल्या. संगीता, तू तर पोलिसांना फोन लावायला निघाली होतीस. आणि मग आतून मंगेशचा आवाज आला. न्हाय.

त्या आत आल्या, चहा प्यायल्या, सगळा खेळ बघितला. निघताना त्यांनी मंगेशला विचारलं ते मला अजून ऐकू येतं. "आरं, ही सगली चोरटी हायत. तू ह्यांच्यात बसतोस कशाला?"

मंगेश म्हणाला, "आये, मी उठून गेलो तर ह्यांना न्हाय कोन म्हननार?"

हे भोळ्या माणसाचं उत्तर नाही. विचार करून बसलेल्या माणसाचं आहे. चांगल्यांमध्ये चांगलं तर कुणीही असतं. तो वाइटांमध्ये येऊन बसला, आमच्यातला वडापाव खाल्ला, आमच्या विनोदांना हसला, आमच्यासाठी घाव खाल्ले, आणि जे करायचं नाही ते केलं नाही. आम्हाला सोडलं नाही, आणि स्वतःला पण सोडलं नाही. करून बघा कुणीतरी.

आणि कृपा करून असं समजू नका की त्याच्या संगतीने आम्ही सुधारलो. आमचा कुणाचा वाल्याचा वाल्मिकी झालेला नाही. रोहितचं पात्र अजून पैसे घेऊन गळे कापतं. अन्वर अजून विहिरीत विष टाकायला टपलेला असतो. मंगेशने आम्हाला बदलायचा मक्ता घेतला नव्हता.

पण एक सांगते. गोदामात मागे काचेचा माल फुटला होता, आणि तो ज्याच्या हातून फुटला नव्हता अशा हमालाच्या नावावर टाकायचं ठरत होतं. साहेब, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही होतात. सगळे मान डोलावत होते. सही माझी लागणार होती. आणि माझ्या तोंडून शब्द आला, न्हाय. मी घरी नाही म्हणते, गोदामात नहीं म्हणते. न्हाय माझ्या सात पिढ्यांत कुणी म्हटलेलं नसेल. तो शब्द माझा नव्हताच. पण तो आला, आणि मी पुढे काही बोलले नाही, त्याच्यासारखी बघत बसले. तुम्ही कागद परत घेतलात. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

आता शेवटच्या शुक्रवारचं सांगते, आणि थांबते.

त्या शुक्रवारी आमच्या पार्टीने जकात घेणाऱ्या एका नाकेदाराला पकडलं होतं. त्याने आमची खबर सैनिकांना दिली होती. त्याला फाशी द्यायची की नाही, असा प्रश्न होता. रोहित म्हणाला, द्या. अन्वर म्हणाला, द्या. मी पण म्हणाले, द्या. मास्टरनी विचारलं, खंडू काय म्हणतो? तेवढ्यात अन्वरला त्याच्या शेठचा फोन आला, त्याला निघावं लागलं. मंगेश फासे पिशवीत टाकत हसला आणि म्हणाला, "पुढल्या शुक्रवारी सांगतो."

पुढला शुक्रवार आला. तो नाकेदार अजून झाडाखाली उभा आहे, गळ्यात दोर घालून.

आम्ही तिघंचौघं परवा इथेच बसलो. रोहित रडत होता. तो म्हणाला, खंडूला मोठं मरण देऊया, एकटा शंभर जणांशी लढताना पडला असं. इम्तियाजभाई म्हणाले, मला आता गोष्ट सांगवणार नाही, टेबल बंद करू. दोघांचं दुःख मला कळतं. पण मला सांगा, मंगेशला मारायला एक सोमवार पुरला नाही का? खंडूला पण आपणच मारायचं? आणि तो दोर गळ्यात असलेला माणूस, त्याला तसाच सोडून टेबलावर चादर टाकायची?

मी नाही ऐकणार. मृत्यूचं पण नाही ऐकणार. त्याने एक माणूस नेला, ती खुर्ची नाही नेली. या शुक्रवारपासून त्या खुर्चीवर मी बसेन. निशा गेली चोरीमारी करत, तिला मी गोष्टीतून रजा दिली. मी खंडू खेळेन. मला जमेल का? माहीत नाही. मी मुळात चोर आहे, मला राग पटकन येतो, मला गप्प बसता येत नाही, ते तुम्ही आता बघितलंच. रोहित, अन्वर, तुम्ही तेवढेच वाईट राहा. माझी दया करू नका. तुम्ही वाईट नसलात तर मी न्हाय कुणाला म्हणू?

मावशी, तुमची परवानगी पाहिजे. संगीता, तुझी पण.

बरं. दोघींनी हो म्हटलंत. तर आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं श्रद्धांजली असं मी म्हणणार नाही, घड्याळ कुणी बघू नका. मी एकच शब्द बोलेन आणि त्यानंतर आपण गप्प राहू, तो गप्प राहायचा तसं. मान खाली घालून नको. एकमेकांकडे बघत. समोरच्याचं मन बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.

इम्तियाजभाई, तुम्ही विचारा. त्याच प्रश्नापासून. जरा मोठ्याने, जिन्यापर्यंत ऐकू जाऊ दे.

हो. विचारलंत तुम्ही. खंडू काय म्हणतो.

न्हाय.