पेटी, पंप आणि सासरे

माशांच्या पेटीचा विषय काढलात म्हणून सांगतो, त्या पेटीनं मला सासऱ्यांपुढं पार धुऊन काढलं होतं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. मी तेव्हा दौंडला रेल्वेत फिटर. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मी काचेची पेटी मांडली होती आणि तिच्या खाली वाळू-कोळसा भरलेली दुसरी टाकी. वरचं जादा पाणी खाली येऊन गाळलं जायचं आणि कूलरचा पंप ते नळीतून परत वर चढवायचा.

मांडवगणहून सासरे पहिल्यांदाच घरी आले. लेकीसाठी आणलेलं ज्वारीचं पोतं त्यांनी नेमकं खालच्या टाकीला टेकवलं.

"राहू द्या मामा, थेंबभरसुद्धा सांडणार नाही," मी म्हणालो.

"आन् लाइट गेली तर?"

"मग पंपच बंद! पाणी येणार कुठून?"

अर्धा चहा झाला असेल, तोच लाइट गेली. पंप थांबला, पण वरचं पाणी त्याच नळीतून उलटं खाली धावू लागलं. टाकी भरून वाहायला लागली. मी उगाच बटण वर-खाली करतोय, बायको "अहो, पोतं, पोतं!" ओरडतेय. सासरे शांतपणे उठले, वरच्या पेटीत हात घालून त्यांनी बुडालेलं नळीचं तोंड पाण्याबाहेर काढलं. धार तुटली.

ओलं पोतं बाजूला ओढत ते म्हणाले, "जावईबापू, टाकीतलं डिझेल आमी असंच नळीनं काढतो. पाणी वर चढवायला लाइट लागती, खाली यायला न्हाई लागत."