छपरावरची माणसं

(ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या मुलखातलं छोटं इस्पितळ. डॉक्टर हॅलोरनबाईंची खोली. समोर लीएन आणि तिचा नवरा ब्रेट.)

लीएन : फिरवून बोलू नका, डॉक्टर. गाठ आहे ना ब्रेटच्या डोक्यात?

डॉक्टर : नाही, लीएन. मेंदूचा फोटो अगदी स्वच्छ आहे.

लीएन : मग परत काढा! धडधाकट माणूस पोटच्या पोरीवर बंदूक रोखतो होय? टेगन शेडमध्ये कुत्र्याला खायला घालायला गेली होती, आणि हा ओरडतोय, छपरावर माणसं आहेत म्हणून!

डॉक्टर : ब्रेट, लघवीच्या तपासणीत काय निघालं ते तुला सकाळी सांगितलं. हिच्यासमोर बोलू?

ब्रेट : बोला. माझ्याच्यानं नाही सांगवणार.

डॉक्टर : हा आईस ओढतो, लीएन. नशेचे खडे.

लीएन : कोण? हा? अहो, दुसऱ्या बिअरलाही नको म्हणणारा माणूस हा! ती शहरातली पोरं ओढतात, ते आईस?

ब्रेट : मेंढ्या कातरणारेही ओढतात, ली. पाठ गेली होती माझी. वाकलो की डोळ्यांपुढे अंधार. आमच्या कातरणीच्या टोळीतल्या एकानं काचेची नळी पुढे केली. त्या दिवशी दुखलंच नाही काही. जेवायचीसुद्धा आठवण झाली नाही.

लीएन : कधीची गोष्ट?

ब्रेट : मागच्या हंगामातली.

लीएन : वर्ष झालं! शेजारी झोपत होते ना रे मी तुझ्या!

ब्रेट : तू झोपत होतीस. मी नाही.

डॉक्टर : सोडून पाहिलंस?

ब्रेट : कितीदा. ईस्टरला नळी शेततळ्यात फेकली. मेल्यासारखा पडून राहिलो, आणि उठलो तो थेट त्या नळीवाल्याच्या दारात. आता पहिल्याइतक्यानं भागतही नाही.

डॉक्टर : म्हणूनच मी ह्याला आजार म्हणते. जास्त जास्त लागतं, सोडवत नाही, पोरीच्या जिवावर बेतलं तरी सुटत नाही.

लीएन : आजार म्हणे! टेगनला छातीशी धरून मी सांगितलंय, बाबाच्या डोक्यात गाठ असेल गं, त्याचा दोष नाही. देवाकडे गाठ मागितली मी, डॉक्टर! नवऱ्याच्या डोक्यात गाठ निघू दे म्हणून!

ब्रेट : ली...

लीएन : हात लावू नकोस मला. डॉक्टर, द्या काहीतरी औषध ह्याला.

डॉक्टर : भास थांबवायचं औषध आहे, ते आजच सुरू करते, भास जाईपर्यंत हा इथेच राहील. पण ही ओढ हमखास मारणारी गोळी अजून कुणाकडे नाही. शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात खाट मिळवू. मग समुपदेशन, महिनोन्महिने. मध्ये पाय घसरला तरी यायचं, तोंड लपवायचं नाही. पाठीवर वेगळा इलाज करू. त्या टोळीत मात्र परत जायचं नाही. आणि बंदुका घरात नकोत.

लीएन : माझा भाऊ कालच घेऊन गेला.

ब्रेट : टेगन... काय म्हणते?

लीएन : विचारत होती, बाबा जेवला का.

डॉक्टर : रडू दे त्याला, लीएन. हे बघ ब्रेट, नशा उतरली की तू खूप झोपशील. उठशील तेव्हा भूक लागेल, मन पार खचलेलं असेल. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर तडक नर्सला हाक मारायची. कळलं?

ब्रेट : मारीन. ली, तू येशील?

लीएन : सूप करून आणीन उद्या. दारापर्यंत. आत येईन की नाही, ते आज विचारू नकोस.